घरात जिज्ञासा शिरली तर

पावसाळ्याच्या तोंडावर घरात मुंग्या शिरतात, वाळवी लागते, आणि आठ-नऊ वर्षांचं मूल असेल तर जिज्ञासाही शिरते. मुंग्या-वाळवीवर औषध मिळतं. जिज्ञासेचा बंदोबस्त मात्र घरच्या घरी करावा लागतो. तो कसा करायचा, हे मी नुकतंच माहेरी डोळ्यांनी पाहून आले, म्हणून अनुभवाचे चार बोल.

प्रसंग अधिक महिन्यात जावयाला देतात त्या वाणाचा. यंदा ज्येष्ठ अधिक, म्हणून आईने आमच्या ह्यांना जेवायला बोलावलं होतं. तांब्याचं ताट, ताटात तेहतीस अनारसे, मधोमध दिवा. भाचीने ते अनारसे दोनदा मोजले, दोन्हीदा तेहतीसच भरले, आणि मग तिने तोंड उघडलं. "आजी, हा महिना मागच्या वर्षी का नव्हता? आत्ताच कुठून आला?"

अशा वेळी पहिला उपाय म्हणजे "जेवताना बोलू नये." हा आईने केला.

दुसरा उपाय, विषय देवावर ढकलावा. काकांनी "पुरुषोत्तम मास आहे, असलं विचारू नये" म्हणून सांगितलं आणि वर "नासानेसुद्धा मान्य केलंय" हेही जोडलं. नासाने नेमकं काय मान्य केलंय, ते काकांना ठाऊक. नासाला असेल असं वाटत नाही.

तिसरा उपाय जालीम आहे. तो माझ्या भावाचा. "हे परीक्षेला आहे का? नाही ना? मग अनारसा खा."

आता माझा भाऊ म्हणजे कोणी साधासुधा माणूस नव्हे. स्वतःला घडवणं हा त्याचा पूर्णवेळ उद्योग आहे, नोकरी तो फावल्या वेळात करतो. पहाटे साडेचारला उठतो. उठून काय करतो, तर साडेचारला उठल्याचं चारचौघांना कळवतो. पॉडकास्ट दीडपट वेगाने ऐकतो, त्यामुळे जगातले सगळे विचारवंत त्याला चिमण्यांसारखे चिवचिवताना ऐकू येतात. पुस्तकं वाचत नाही, बारा मिनिटांत त्यांचा सारांश ऐकतो. असा हिशेब धरला तर गेल्या वर्षी त्याची साठ पुस्तकं झाली. 'झाली' हा त्याचाच शब्द, गोवर होऊन गेल्यासारखा. एकात काय होतं, विचारलं तर म्हणाला, "सवयी." दुसऱ्यात? "त्याच." शनिवार-रविवार हॉटेलात राहून त्याने एक कार्यशाळा केली, पंधरा हजार रुपये भरून. तिथून प्रमाणपत्र आणलं, ते लॅमिनेट केलं, आणि एक चुंबक आणलं, ते फ्रीजवर लावलं. चुंबकावर लिहिलंय 'स्टे क्युरियस'. त्याच्याखाली लाइट बिल अडकवलेलं असतं, आणि त्या फ्रीजला टेकूनच त्याने पोरीला गप्प केलं!

चौथा उपाय वाचनालयाने दाखवला. हट्टाला पेटून मी दुसऱ्या दिवशी जवळच्या वाचनालयात गेले आणि मराठी विश्वकोशाचा पहिला खंड मागितला. काउंटरवरच्या गृहस्थांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं. "मॅडम, कुठली परीक्षा?" म्हटलं, कुठलीच नाही. "मग?" त्या 'मग'चं माझ्याकडे उत्तर नव्हतं. कपाट समोरच होतं, काचेतून खंडांच्या पाठी दिसत होत्या, कुलपावर धूळ होती, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर होते. अभ्यासिका मात्र खचाखच भरलेली. त्या पोरांना मी नावं ठेवणार नाही, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पण १९७६ साली निघालेला खंड, वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारख्या माणसाने मराठीत सगळं ज्ञान आणायचं म्हणून केलेली ती उस्तवार, आणि आपण तिला कुलूप लावून 'मग?' विचारतो. (मोबाइलवर सगळे खंड फुकट आहेत, ठाऊक आहे. भावाच्याही मोबाइलवर निघतात ते. त्याला बारा मिनिटं मिळाली नाहीत.)

अहो, काय अवघड होतं भाचीच्या प्रश्नात? चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. वर्षाला अकरा दिवस मागे पडायचे. तीन वर्षांत महिन्याभराची तूट. ती भरली नाही तर दिवाळी भर पावसात येईल आणि गणपती मे महिन्याच्या उन्हात. म्हणून साधारण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात, एकोणीस वर्षांत सात. कोणता धरायचा? ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो. २०२३ला श्रावण निघाला, २०२६ला ज्येष्ठ. संपलं! अनारसा तळायला याहून जास्त वेळ लागतो. दापोलीजवळच्या मुरूडच्या शं. बा. दीक्षितांनी, एका शाळामास्तराने, १८९६ साली भारतीय ज्योतिषाचा अख्खा इतिहास मराठीत लिहून ठेवला. त्यांना कोणी विचारलं असेल का, परीक्षेला आहे का म्हणून?

रात्री मी भाचीला हे चिंचोके मांडून दाखवलं. एका रांगेत बारा, दुसऱ्या रांगेत बारा, अकरा-अकराची तूट बाजूला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आत्या, माझ्या मैत्रिणीचा रमजान दरवर्षी आधी-आधी का येतो? ते महिना वाढवत नाहीत?"

नाही वाढवत. हेच तर आहे त्याचं उत्तर, आणि ते तिने स्वतः काढलं! नऊ वर्षांच्या पोरीने, चिंचोक्यांवर!

भाऊ सोफ्यावरून म्हणाला, "ताई, तिला नको त्या नादाला लावू नकोस. उद्या सकाळी तिचा ऑलिम्पियाडचा क्लास आहे."

नको त्या नादाला? अरे गाढवा, पंधरा हजार भरून तू जे हॉटेलात शोधायला गेलास ते तुझ्या घरात ताटासमोर बसून अनारसे मोजत होतं. तिला माहीत नाही म्हणून ती विचारते. तुलाही माहीत नव्हतं, तू का नाही विचारलंस? चाळीस वर्षांत चौदा-पंधरा अधिक महिने जेवलास! आणि आता ऐकतोयस का मी काय बोलतेय ते? कानातलं ते यंत्र काढ आधी.