त्रेपन्न गुंठे आणि एक लाख माणसं

परवा टपरीवर एका मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, अमेरिकेनं कॉलेजकडून खेळणाऱ्या पोरांना पैसे द्यायला सुरुवात केली आणि खेळाचा धंदा करून टाकला. चहा संपेपर्यंत मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं लिहितोय. लांबलंय, वेळ असेल तरच वाचा.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. निवृत्त झालो तरी जागा दिसली की डोळे मोजणीला लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये लेकीकडं अमेरिकेत ॲन आर्बरला गेलो होतो, ती तिथं मिशिगन विद्यापीठात शिकायला होती. तिनं विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याची आमची तीन तिकिटं काढून ठेवली होती. तिकिटाचा आकडा तिच्या आईला अजून सांगितलेला नाही.

तारीख २१ सप्टेंबर, शनिवार. सामना दुपारी साडेतीनला, पण गाव सकाळपासूनच उठून बसलेलं. मक्याच्या दाण्यासारखा पिवळा आणि गडद निळा, या दोन रंगांशिवाय रस्त्यावर तिसरा रंग शोधावा लागत होता. स्टेडियमच्या आसपासच्या घरमालकांनी अंगणातल्या हिरवळीवर गाड्या लावून घेतल्या होत्या, रोख पैसे घेऊन. समोरच्या गोल्फ मैदानावरही गाड्याच गाड्या. गाडीची डिकी उघडायची, शेगडी मांडायची, मांस भाजायचं, घडीच्या खुर्च्या टाकून बसायचं. टेलगेटिंग म्हणतात याला. एका आजोबांनी आम्हाला हाक मारून मक्याचं कणीस दिलं. ओळख ना पाळख. ते म्हणाले, वडिलांचा हात धरून पहिल्यांदा आलो तेव्हा सात वर्षांचा होतो. आता शेजारी नातू बसला होता.

स्टेडियम बाहेरून बघितलं तर फसायला होतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या स्टेडियमांपैकी एक, क्षमता १,०७,६०१, आणि रस्त्यावरून तसं काहीच वाटत नाही. कारण बांधकामाचा बराचसा भाग जमिनीखाली आहे. फाटकातून आत गेलं की आपण एकदम वरच्या काठावर उभे असतो आणि मैदान पार खाली, तळाशी. मला पहिल्यांदा आठवलं ते आमचं कोल्हापूरचं खासबाग. शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली सुरू झालेलं ते कुस्ती मैदानही असंच बशीसारखं, शेवटच्या माणसालाही आखाडा दिसावा असं. ॲन आर्बरचं हे १९२७ चं. फील्डिंग योस्ट नावाच्या माणसाच्या हट्टातून उभं राहिलं, साडेनऊ लाख डॉलरमध्ये. तेव्हा तेवढी माणसं येतील का याची लोकांना शंका होती, आणि हा गृहस्थ पुढं एक लाखाच्या वर वाढवता येईल असा पाया घालून मोकळा झाला. क्षमतेच्या आकड्यातला शेवटचा एक म्हणजे फ्रिट्झ क्रायसलर या जुन्या कोचची राखीव जागा, असं सांगतात. ती नेमकी कुठली, ते गुपित. वर्षातून सात-आठ दिवस भरण्यासाठी एवढा खटाटोप!

सामना सुरू व्हायच्या आधी बँड येतो. शेकडो पोरं-पोरी, पावलाला पाऊल. त्यांचा म्होरक्या मागं वाकत वाकत डोकं जमिनीला टेकवतो. सौ. म्हणाली, "अहो, याची कंबर बघा." मी माझी आठवून गप्प बसलो.

खेळाचं सांगायचं तर आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पायानं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ असे पेठांतल्या तालमी-मंडळांचे संघ बघत वाढलेला मी. हातात चेंडू घेऊन पळण्याला फुटबॉल म्हणताना जीभ अडखळते. पण अर्ध्या तासात एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. हा जमिनीचा खेळ आहे. चार डावांत दहा यार्ड पुढं सरकायचं. जमलं तर पुन्हा चार डाव, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. आणि सरकलात का नाही याची शंका आली की काठावरून माणसं खरोखरची साखळी घेऊन मैदानात येतात आणि मोजतात! मी उभाच राहिलो. त्यांची साखळी दहा यार्डांची, म्हणजे तीस फूट. आमची जुनी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा. मनातल्या मनात मैदान काढलं. ३६० फूट बाय १६०, जवळपास त्रेपन्न गुंठे. सव्वा एकर आणि वर तीन गुंठे. एवढ्या तुकड्यासाठी लाखभर माणसं घसा फोडत होती. नवल वाटलं नाही. नोकरीत याहून लहान तुकड्यासाठी याहून मोठे घसे फुटलेले ऐकलेत.

समोर होता सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ, यूएससी. लॉस एंजेलिसहून, म्हणजे तीन हजार किलोमीटरवरून आलेला. आणि हा मैत्रीचा नव्हे, लीगचा सामना. 'बिग टेन' ही मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांची लीग. पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठं त्यात शिरली ती टीव्हीच्या पैशासाठी. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

लेक म्हणाली, "पप्पा, चावी काढा की." समोरच्यांचा तिसरा डाव अडवायचा असला की इथं लोक हात वर करून चाव्यांचे जुडगे वाजवतात. माझ्या खिशात कोल्हापुरातल्या घराच्या आणि स्प्लेंडरच्या चाव्या. त्याच वाजवल्या.

शेवटच्या काही मिनिटांत मिशिगन २०-२४ ने मागं. चेंडू फेकून पुढं जाणं त्या दिवशी त्यांना जमतच नव्हतं. मग केलेल मलिंग्ज हा गडी चेंडू पोटाशी धरून पळाला, ६३ यार्ड. शेवटी समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपर्यंत उरला एक यार्ड, चौथा डाव, घड्याळात मिनिटभरसुद्धा नाही. एक यार्ड म्हणजे तीन फूट. तीन फूट बांधासाठी सख्खे भाऊ बारा-बारा वर्षं कोर्टात झिजताना मी बघितलेत. इथं चार-पाच सेकंदांत निकाल लागला. आपल्या संघाला एकमेकांचं बोलणं ऐकू जावं म्हणून लोक जरा गप्प झाले, आणि मग मलिंग्ज त्या ढिगाऱ्यातून पलीकडं पडला. २७-२४. सौ. शेजारच्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडली होती. तिला नियमांतला एकही कळला नव्हता.

आता मित्राचा मुद्दा.

हे सगळं कुणाच्या जिवावर? विशी-बाविशीतल्या पोरांच्या. त्यांना फी माफ, राहणं-खाणं मिळायचं. आपल्या भाषेत खुराक. पण २०२१ पर्यंत स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर एक डॉलर कमवायची त्यांना मुभा नव्हती. नंबराचा टीशर्ट दुकानात विकला जायचा, खेळाडूला छदाम नाही. त्याच वेळी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर कोण, तर विद्यापीठाचा फुटबॉल कोच. 'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्दच मुळी १९५० च्या दशकात पुढं आणला गेला, जखमी किंवा मेलेल्या खेळाडूची भरपाई कामगार म्हणून द्यावी लागू नये यासाठी. कोलोरॅडोत खेळताना डोक्याला मार लागून एक जण गेला. त्याच्या बायकोनं भरपाई मागितली, ती १९५७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नाकारली.

आमच्या बाजूच्या कुठल्याही गावच्या जत्रेत जा. बारक्या पोरांची पहिली कुस्ती नारळावर असली तरी नारळ पोराच्या हातात पडतो. पुढं इनाम वाढत जातं, पैलवान फेटा बांधून मैदानातून फेरी मारतो, लोक खिशातून नोटा काढून देतात. त्यानं कुस्तीचा धंदा झाला असं कधी कुणी म्हटलं? महाराजांनी पैलवान पोसले, पण त्यांचं इनाम काढून घेतलं नाही.

मित्रा, धंदा होताच. टीव्हीच्या पैशासाठी लीगचा नकाशा फाटला, तेव्हा पोरांना वाटा नव्हता. वाटा २०२५ पासून द्यायला लागलेत. एका विद्यापीठानं पहिल्या वर्षी जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर सगळ्या खेळाडूंत मिळून वाटायचे, असं कोर्टातल्या तडजोडीत ठरलं. तुझं एक मात्र मान्य. आता पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात. पैलवानानं हंगामाला तालीम बदलली तर वस्तादानं घडवायचं कुणाला? आणि बहुतेक पैसा फुटबॉलकडं जाणार, पोहणाऱ्या-पळणाऱ्या पोरींच्या वाट्याला काय उरेल याचीही काळजी आहे. ते प्रश्न सोडवावेत. पण ते सुटेपर्यंत इनाम अडवून ठेवायचं, हे मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात २० नंबरचा, पाठीवर मलिंग्ज लिहिलेला टीशर्ट दिसला. काउंटरवरच्या पोराला विचारलं, "याचे पैसे त्याला जातात का?" म्हणाला, "आता जातात." घेतला.

या हंगामात तोच घालून शाहू स्टेडियमवर गेलो. मागं बसलेल्या पोरानं विचारलं, "काका, ही कुठली तालीम?"

म्हटलं, "पेठ जरा लांब आहे."