प्लग बसला म्हणून जॉयस्टिक चालत नाही

गणपतीला चाकरमानी गावी आले की माळे झाडले जातात, आणि एखाद्या घरातून जुना कमोडोर नाहीतर स्पेक्ट्रम कॉम्प्युटर खाली उतरतो. त्याच्या मागोमाग मोबाइलवर हा मेसेज येतोच: "नऊ पिनची जॉयस्टिक सगळ्या जुन्या कॉम्प्युटरना सारखीच. चालत नसेल तर खाऱ्या हवेने पिना गंजल्यात, पॉलिश पेपर मारा. पाच व्होल्टच असतात, बिनधास्त लावून बघा. नाहीच जमलं तर यूएसबी कन्व्हर्टर घ्या." यातलं गंजाचं तेवढं अर्धं खरं आहे. बाकीचं ऐकाल तर चांगलं मशीन घालवून बसाल.

"सारखीच" हा समज कुठून आला ते कळतं. अटारीने १९७७ साली २६०० या गेम मशीनला जी नऊ पिनची जोडणी दिली, तीच पुढे अटारी ४०० आणि ८००, कमोडोर ६४, अमिगा यांनी ठेवली. १ वर, २ खाली, ३ डावीकडे, ४ उजवीकडे, ६ फायर, ८ ग्राउंड (म्हणजे शून्य व्होल्टची तार). दांडा ढकलला की त्या दिशेची पिन ग्राउंडला टेकते, एवढीच काय ती हुशारी. या कुटुंबात साध्या एका बटणाच्या जॉयस्टिकची अदलाबदल खुशाल करा. (कमोडोर ६४ ला शक्यतो दुसऱ्या पोर्टात लावा. पहिल्या पोर्टाच्या तारा कीबोर्डशी सामाईक आहेत. तिथे फायर दाबलं की स्पेस पडते आणि लोक कीबोर्ड बिघडला म्हणून बोंब मारतात.)

कुटुंबाबाहेर पडलं की हिशेब बदलतो. १९८२ च्या ४८के स्पेक्ट्रमला जॉयस्टिकचं सॉकेटच नाही. डेसिबेल्सने १९८८ मध्ये आपल्याकडे काढलेला स्पेक्ट्रम प्लसही त्याच वळणाचा. मागे इंटरफेस, म्हणजे जॉयस्टिक जोडायचा डबा लावायचा, आणि तोही एका प्रकारचा नसतो: केम्पस्टन ३१ नंबरच्या पोर्टावर (इथे पोर्ट म्हणजे सॉकेट नव्हे, कॉम्प्युटरच्या आतला पत्ता) वाचला जातो, तर स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरचा आपण आकड्यांची बटणं असल्याचं सोंग आणतो. गेमच्या मेनूत नेमका तोच प्रकार निवडला नाही, तर जॉयस्टिक ठणठणीत असूनही पडद्यावरचा गडी जागचा हलत नाही. १९८६ च्या स्पेक्ट्रम प्लस टूला, स्पेक्ट्रम विकत घेतलेल्या अ‍ॅमस्ट्रॅडने नऊ पिनची दोन सॉकेटं दिली खरी, पण तारांचा क्रम बदलून. का, तर माझ्या मते आपलीच जॉयस्टिक खपावी म्हणून.

आपल्याकडचा खरा सापळा मात्र टीव्ही गेमचा पॅड. बाजारात, जत्रेत मिळायचा तो. त्यातल्या कित्येकांना हुबेहूब तसाच नऊ भोकांचा प्लग असतो, पण आत निन्टेंडोच्या पद्धतीची चिप. ती आठही बटणांची खबर एकाच तारेवरून, एकामागून एक पाठवते. कमोडोरला ती भाषा येत नाही. रत्नागिरी स्टँडवर एकाच फलाटाला लागतात म्हणून देवरुखची आणि जयगडची गाडी एक होत नाही, त्यातलाच प्रकार.

पंधरा पिनच्या प्लगचीही तीच गत. पीसीची आणि बीबीसी मायक्रोची जॉयस्टिक दोन्ही अ‍ॅनलॉग, म्हणजे दांडा किती कलला ते मोजणाऱ्या, दोन्ही पंधरा पिनच्या, आणि एकमेकींच्या जागी निरुपयोगी.

आता "पाच व्होल्टच असतात". माणसाला त्यांनी काही होत नाही, कबूल. चिपचं तसं नाही. समजा कुवेतहून कुणाच्या काकांनी आणलेला साख्र कॉम्प्युटर घरात आहे. तो एमएसएक्स (अनेक कंपन्यांनी पाळलेला घरगुती कॉम्प्युटरचा एक नमुना) जातीचा, त्याची जॉयस्टिक दोन बटणांची. दुसरं बटण दाबलं की सातवी पिन आठवीला जोडली जाते, आणि एमएसएक्सवर ते योग्यच आहे. पण कमोडोरच्या सातव्या पिनेवर सरळ पाच व्होल्ट असतात, आठवी ग्राउंड. म्हणजे तीच जॉयस्टिक तिथे लावून दुसरं बटण दाबणं म्हणजे स्वतःच्या बोटाने शॉर्ट करणं. त्या पिनेतून ५० मिलीअँपिअरपेक्षा जास्त ओढू नये, अशी कमोडोरची मर्यादा आहे. सेगा मेगा ड्राइव्ह या गेम मशीनच्या पॅडचं दुखणं वेगळं: त्याची चिप पाचव्या पिनेवर वीज मागते, कमोडोर देतो सातवीवर. मग चिप भलत्या तारांतून वीज ओढते, आणि कीबोर्ड वाचणाऱ्या चिपवर बेतू शकतं.

"लावून बघा" ऐवजी मल्टिमीटर घ्या, बझरवर (दोन टोकं जुळली की वाजतो तो) ठेवा. प्लग मशीनपासून लांब. एकेक बटण दाबून कोणत्या दोन पिना वाजतात ते कागदावर मांडा. सातवी आठवीबरोबर वाजली, तर ती जॉयस्टिक कमोडोरपासून लांबच ठेवायची.

गंजाचं म्हणाल तर देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर पावसाळा काढलेल्या पिनांवर हिरवट थर धरतो, यात वाद नाही. पण गंजलेली जॉयस्टिक अधूनमधून चालते, किंवा एखादीच दिशा रुसते. सगळंच मेलंय, नाहीतर वर ढकलल्यावर फायर होतंय, तर तो गंज नव्हे, जोडणीच वेगळी. आणि पॉलिश पेपर तर अजिबात नको. पिनेवरचा मुलामा निघाला की पुढच्या पावसात ती दुप्पट वेगाने जाते. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्या, प्लग चार-दोनदा आतबाहेर करा, आणि हंगाम संपला की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. प्लगच्या मानेशी तार आत तुटलेली नाही ना, तेही वाकवून बघा. पुष्कळदा दोष तिथेच निघतो.

राहिला यूएसबी कन्व्हर्टर. सर्रास मिळतो तो जुनी जॉयस्टिक नव्या लॅपटॉपला लावायचा. नवा पॅड जुन्या कॉम्प्युटरला लावायचा तर आत स्वतःचा मायक्रोकंट्रोलर (छोटी कॉम्प्युटर चिप) असलेला वेगळा डबा लागतो, आणि पॅडची भूक ५० मिलीअँपिअरच्या वर गेली तर त्याला वीजही बाहेरून द्यावी लागते. मागवताना "यूएसबी पॅड ते कमोडोर" असं दिशेसकट लिहून द्या, नाहीतर उलटा येतो.