श्रीलंकेतली राष्ट्रीय उद्यानं पावसाळ्यात बंद नसतात

आमच्या दापोलीच्या प्रवासी ग्रुपवर परवापासून मेसेज फिरतोय: ‘जुलै ते सप्टेंबर श्रीलंकेतल्या सगळ्या सफारी ताडोबासारख्या बंद, बुकिंग करू नका.’ हे खरं नाही. दोघातिघांनी त्यापायी बेत रद्द केला, म्हणून हा खुलासा.

हर्णैला होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा तोच नैऋत्य मोसमी पाऊस श्रीलंकेच्या नैऋत्य भागात कोसळतो. डोंगरापलीकडचा भाग मात्र कोरडा, जसा आपल्याकडे घाटावर. तिथल्या मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यानाचा तर ऑगस्ट-सप्टेंबर हाच खरा हंगाम. महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधलेल्या तिथल्या तलावाचं पाणी मागे सरतं, ओल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि शेकडो हत्ती जमतात. हत्ती सोंडेने गवताचा झुबका उपटतो, पायावर आपटून माती झाडतो, मगच तोंडात घालतो. हे बघायला तासभर एका जागी थांबा, जीप दामटायला लावू नका.

मेसेजात खरं एवढंच, की ‘याला’ नावाच्या राष्ट्रीय उद्यानाचा ब्लॉक १, म्हणजे सफारीचा मुख्य भाग, बहुतेक वर्षी सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात. तोही पाण्याच्या टंचाईमुळे, पावसामुळे नव्हे. गणपती उरकून निघणाऱ्यांनी तेवढं आधी विचारून घ्यावं, नाहीतर सरळ उडावलावे राष्ट्रीय उद्यानात जावं.