मंत्रालय की जिल्हा? डब्लिनहून एक मत

मुख्यमंत्री सहायता निधीतून उपचारांसाठी मदत हवी असेल तर पेशंटच्या नातेवाइकांना मुंबईत खेटे घालावे लागत. 2025 मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयांत या निधीचे कक्ष उघडले आणि जुना वाद पुन्हा निघाला. काम जिल्ह्यात आलं की वशिला आलाच, त्यापेक्षा सगळं ऑनलाइन आणि एका जागी ठेवा, असं काही जण म्हणतात. दुसरी बाजू म्हणते, मुंबईत बसलेल्याला नंदुरबारचा पेशंट कसा कळणार?

सगळं एका जागी आणण्याचा प्रयोग आयर्लंडने मेडिकल कार्डाच्या बाबतीत करून पाहिला आहे. हे कार्ड असलं की जनरल प्रॅक्टिशनरची तपासणी आणि सरकारी रुग्णालयातले उपचार मोफत होतात, औषधांना नाममात्र शुल्क पडतं. पूर्वी अर्ज स्थानिक आरोग्य कार्यालयात जात. सारखीच परिस्थिती असलेल्या दोन कुटुंबांना दोन भागांत वेगवेगळी उत्तरं मिळतात, ही तक्रार तेव्हा खरीच होती. मग जुलै 2011 पासून सगळे अर्ज उत्तर डब्लिनमधल्या फिंगलसच्या एकाच कार्यालयात जाऊ लागले.

हिशेबापुरता हा निर्णय योग्यच होता. उत्पन्नाची मर्यादा अशी ठरते: नवरा-बायकोसाठी आठवड्याला 266.50 युरो, सोळा वर्षांखालच्या पहिल्या दोन मुलांसाठी प्रत्येकी 38, म्हणजे मर्यादा 342.50. त्यात समजा घराचं प्रत्यक्ष भाडं 200 आणि पाळणाघराचे 100 मिळवले की 642.50. कर वजा जाता हातात येणारी कमाई याच्या आत असेल तर कार्ड मिळतं. ही बेरीज कॉर्कमध्ये एक आणि डब्लिनमध्ये दुसरी यायचं काहीच कारण नाही.

अडचण त्याच्या पुढे आहे. समजा, कमाई 660 आहे. साडेसतरा युरो जास्त, म्हणून नकार. पण घरातल्या मुलाला कॅन्सर असेल, उपचारांसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाच्या केरीहून डब्लिनमधल्या क्रमलिनच्या मुलांच्या रुग्णालयात सारख्या फेऱ्या होत असतील आणि आईने बिनपगारी रजा घेतली असेल, तर? 1970 च्या आरोग्य कायद्यात यासाठी वाट ठेवलेली आहे: अवाजवी ओढाताण झाल्याशिवाय ज्याला डॉक्टरचा खर्च झेपत नाही, तो मर्यादेच्या वर असला तरी पात्र ठरू शकतो. ही ओढाताण पूर्वी स्थानिक कार्यालयातल्या माणसाला समोर बसून सांगता येत असे. फिंगलसला फक्त कागद पोचत होते.

कागदांचंही तेच झालं. पगाराची एखादी पावती राहिली, डॉक्टरची सही नाही, भाडेकरार जुना, की पत्र यायचं. ते मिळेपर्यंत आठवडा जायचा, उत्तर टपालात अडकायचं आणि अर्ज तिथेच पडून राहायचा. खिडकीवर दोन मिनिटांत पुरी झाली असती ती उणीव महिनाभर रेंगाळायची. 2012 उजाडेपर्यंत हजारो अर्ज तुंबले होते. त्याच सुमारास जुन्या कार्डांची फेरतपासणी चालू होती आणि गंभीर आजारी माणसांची कार्डंही रद्द होऊ लागली. रेडिओवर, संसदेत आक्रोश झाला. अखेर 2014 च्या मे महिन्यात फेरतपासणी थांबवावी लागली आणि जूनमध्ये सुमारे 15,300 कार्डं परत देण्याचा निर्णय झाला.

पुढची दुरुस्ती मला जास्त मोलाची वाटते. अमुक आजार असला की कार्ड, अशी यादी करता येईल का, हे पाहायला तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिने अशी यादी करू नये असं सांगितलं, कारण आजाराचं नाव तेच असलं तरी त्याचा भार प्रत्येक घरावर वेगळा पडतो. कार्यालय फिंगलसलाच राहिलं, पण आजारपणाचा भार मोजण्यात डॉक्टरांचा सहभाग वाढला आणि फेरतपासणीला माणूस कागद देतोय तोवर त्याचं कार्ड चालू ठेवायचं ठरलं. जुलै 2015 पासून कॅन्सर झालेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांना उत्पन्न न बघता पाच वर्षांचं कार्ड मिळू लागलं. 2011 मध्येच हे झालं असतं तर किती घरांचे हाल वाचले असते!

महाराष्ट्रात याचं अर्धं उत्तर आधीच आहे. जनआरोग्य योजनेची मंजुरी ऑनलाइन होते, पण रुग्णालयात पेशंटला मदत करायला योजनेचा आरोग्यमित्र बसलेला असतो आणि आणीबाणीत फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात. सहायता निधीच्या जिल्हा कक्षाकडे मी याच नजरेने पाहतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक तिथे जागच्या जागी तपासून, काय राहिलंय ते माणसाला तोंडावर सांगितलं गेलं पाहिजे. वशिल्याची भीती खरी आहे, म्हणून रकमेचा हिशेब आणि नोंद राज्यात एकाच जागी राहू द्या. मात्र मर्यादेच्या थोडं वर असलेल्या घरासाठी कारण लिहून शिफारस करायचा अधिकार कक्षाला हवा, आणि ती नाकारायची झाली तर मुंबईनेही लेखी कारण द्यायला हवं. नुसता अर्ज घेऊन पुढे ढकलणारा कक्ष म्हणजे जिल्ह्यात बसवलेली टपालपेटी. पेशंट आयसीयूत असताना त्या पेटीपुढे कुणाला उभं करू नका.