‘हालेलुया’ला आता तरी सोडा!

पुन्हा ‘हालेलुया’? कॅनडाच्या लेनर्ड कोहेननं हे इंग्रजी गाणं १९८४ मध्ये आणलं, जॉन केलनं १९९१ मध्ये पियानोवर गायलं, जेफ बकलीनं १९९४ मध्ये गिटारवर. त्यानंतर बहुतेकांची नुसती बकलीची नक्कल, तीही नीट न ऐकता! सी स्केलमध्ये, म्हणजे सी हा ‘सा’ धरला की, गाण्याचे शब्द ‘चौथा, पाचवा’ म्हणतात तेव्हा कॉर्डही (एकत्र वाजणारे सूर) चौथ्या-पाचव्या सुरांवरच्या, एफ आणि जीच येतात. ‘मायनर’ या शब्दावर ए मायनर, ‘मेजर’वर परत एफ, म्हणजे मेजर कॉर्ड. मग पुढच्या ओळीत ई मेजरच्या जागी ई मायनर कशासाठी? ई मेजरमधला जी शार्प हा सूर गेला की ए मायनरकडची ओढ संपलीच ना! तीन-तीन मात्रांचा झोका सरळ चारात दामटायचा, शब्दाशब्दावर हुंदका द्यायचा आणि वर लग्नात गायचं! अहो, मोडलेल्या प्रेमाचं गाणं आहे ते. गाण्याआधी कडवी तरी वाचा की!