ड्रॅगन वेळेवर येतो

वर्षात रविवार ५२. टेबलटॉप आरपीजी, म्हणजे एकेका पात्राची भूमिका घेऊन, फासे टाकत टेबलावर गोष्ट खेळायची तो खेळ, खेळायला माणसं लागतात पाच: चार खेळाडू आणि एक डीएम. डीएम म्हणजे डंजन मास्टर (डंजन म्हणजे भुयारी तळघर), गोष्ट सांगणारा, राक्षस चालवणारा, म्हणजे ज्याच्यावर सगळं ढकलता येतं तो. वर्षभर ही पाटी माझ्या गळ्यात होती. अधूनमधून ती दुसऱ्याच्या गळ्यात अडकवून मी खेळाडूंतही बसलो. खेळाच्या नियमपुस्तकात राक्षस पुष्कळ आहेत, पण त्यातला सर्वांत चिवट कोणता असं विचाराल, तर तो पुस्तकात नाहीच. तो म्हणजे रविवार.

हिशेब मांडा. प्रत्येक जण दहातल्या आठ रविवारी मोकळा असतो असं धरू. (मुंबईत अशा माणसाला देवमाणूस म्हणतात.) तर पाचही जण एकाच दिवशी मोकळे असण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आत, म्हणजे ५२ पैकी १७ रविवार. 'सगळे असतील तेव्हाच खेळू' हे ऐकायला मैत्रीला धरून वाटतं, पण त्याचा अर्थ तीन आठवड्यांतून एकदा. आणि तीन आठवड्यांनी भेटलं की पहिला पाऊण तास 'आपण नक्की कुठे होतो रे?' यातच जातो. त्यापेक्षा नियम करावा: डीएम पाहिजेच, खेळाडूंतला एक नसला तरी खेळ बंद करायचा नाही. तेवढ्याने आकडा ६५ टक्क्यांवर जातो आणि रविवार होतात ३४. न आलेल्याच्या पात्राला त्या दिवशी जुलाब. गुहेच्या तोंडाशी बसून राहतं, मरत नाही, सोन्यात वाटा मागत नाही. सोन्याचं कलम आधी लिहून घ्या, भांडणं त्यावरच होतात.

या ३४ मधून गणपती, लग्नं, बारशी आणि 'घरी पाहुणे आलेत' वजा करा. उरलं ते मेगाब्लॉकचं. एक बोरिवलीचा, एक डोंबिवलीचा, एक वाशीची, अशी मंडळी असली की जागा दादरलाच ठरते, कारण पश्चिम आणि मध्य तिथे भेटतात. वाशीवाली बिचारी कुर्ल्याला गाडी बदलते. ब्लॉकचं वेळापत्रक शनिवारी बघून मगच वेळ ठरवायची. पण एक गंमत आहे. ब्लॉक साधारण अकराच्या सुमारास सुरू होऊन चारच्या आसपास संपतो. मंडळी दहाच्या आत पोचली, तर चारपर्यंत कुणाला पळता येत नाही. खेळाडूंना एका जागी बसवून ठेवणारा इतका कडक डीएम मी दुसरा पाहिला नाही.

मुळात हा खेळ आपल्या हवामानाचा नाहीच. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापला, पहिल्या छपाईच्या प्रती १०००. गायगॅक्स राहायचा विस्कॉन्सिनमध्ये. तिथे हिवाळाभर बाहेर बर्फ आणि घराखाली तळघर. तळघरात बसून तळघराचाच खेळ खेळायचा, किती सोयीचं! आपल्याकडे तळघर असतं ते बँकेच्या लॉकरला आणि टॉवरच्या पार्किंगला. आपला डंजन भरतो हॉलमध्ये. त्याच हॉलमध्ये टीव्ही, दिवाण आणि देव्हारा असतो, आणि दुपारी दोन ते चार झोपणारे बाबाही.

गुहेचा नकाशा मांडायला जेवणाचं टेबल गृहीत धरू नका, कॅरम धरा. मोठा, स्पर्धेच्या मापाचा कॅरम आत २९ इंच चौरस असतो. या खेळात एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट. पण रंगवलेल्या बाहुल्या विकत घ्यायची ऐपत येईपर्यंत पात्रं म्हणून कॅरमच्या सोंगट्याच वापरायच्या, आणि सोंगटी असते जवळजवळ सव्वा इंच रुंद. इंचाच्या चौकोनात ती मावत नाही, शेजाऱ्याच्या हद्दीत जाते, आणि मग कोण कुणाला लागून उभा आहे यावर अर्धा तास कोर्ट. म्हणून चौकोन सव्वा इंचाचेच आखावेत. एका बाजूला २३ बसतात, म्हणजे ११५ फूट. गुहेला भरपूर झाले. चार्ट पेपर एक पुरत नाही, दोन जोडावे लागतात. त्यावर टेबलावर टाकतात ते जाड पारदर्शक प्लास्टिक. अंथरण्याआधी कॅरमची पावडर ओल्या फडक्याने पुसून काढा. नाहीतर कुणाचंही कोपर लागलं की सगळी गुहा दोन इंच पूर्वेला सरकते.

प्लास्टिकवर भिंती काढायच्या त्या व्हाइटबोर्डच्या मार्करने, आणि त्याच दिवशी पुसायच्या. रात्रभर राहिल्या तर शाई प्लास्टिकमध्ये मुरते, मग पुढल्या प्रत्येक जंगलात मागच्या किल्ल्याचा संडास दिसत राहतो. चुकून पर्मनंट मार्कर हातात आला तर त्याच रेघेवर व्हाइटबोर्ड मार्कर गिरवून लगेच पुसा. बरंचसं निघतं. उरलेलं सॅनिटायझरच्या बोळ्याने.

कॅरमने जागा खाल्ल्यावर कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद, ठेवायची कुठे? मांडीवर, परीक्षेच्या पॅडवर. दहावीनंतर या पॅडचा इतका उपयोग मला दुसऱ्या कशात दिसला नाही. चिमटा असल्यामुळे पंखा पाचवर असला तरी कागद उडत नाही, आणि पंखा पाचवरच असतो. लिहायचं पेन्सिलीने. पावसाळ्यात कागद दमट होतो, जेल पेन फुटतं, आणि हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा उरलेला जीव, तर दर दोन मिनिटांनी खोडायचे असतात. वडापाव आणाच, पण हात पुसायला कागदही आणा. तेल लागलेली शीट पारदर्शक होते आणि पाठीमागच्या जादूच्या यादीतला आकडा पुढच्या बाजूला हिट पॉइंट म्हणून वाचला जातो. अशाने मेलेला माणूस जिवंत झाल्याचीही उदाहरणं आहेत.

फाशांचा संच सात नगांचा: चार, सहा, आठ, बारा आणि वीस तोंडांचा प्रत्येकी एक, आणि दहाचे दोन. चार तोंडांचा फासा घरंगळत नाही, नुसता पडतो. सापडतो तो रात्री पाणी प्यायला उठलेल्याच्या तळपायात. वीसचा नीट बनवलेला असेल तर समोरासमोरच्या तोंडांची बेरीज २१ येते, घेताना बघून घ्या. फासे टाकायला परात, आत जुना नॅपकिन. नॅपकिन विसरलात तर स्टीलचा आवाज खालच्या मजल्यावर जातो आणि खालचा मजला वर येतो.

सातांच्या संचात सहा तोंडांचा फासा एकच, आणि फायरबॉल या जादूला लागतात आठ. म्हणून लुडो आणि व्यापारचे डबे उघडावे लागतात. आठ फाशांची बेरीज सरासरी २८, तेवढा मार बसतो. गॉब्लिन हा फुटकळ राक्षस, २०१४ च्या नियमांत साध्या गॉब्लिनचे हिट पॉइंट सात. म्हणजे झुरळावर रोडरोलर. या आगीच्या गोळ्याची त्रिज्या २० फूट. आपल्या मापात तो दहा इंच व्यासाचा गोल होतो, बरोब्बर जेवणाचं ताट. ताट सोंगट्यांवर धरायचं, खाली येतील ते सगळे भाजले. त्यात स्वतःचे तीन मित्र आहेत हे जादूगाराला ताट धरल्यावर दिसतं, आणि तो ताट तिरकं धरायला लागतो. २०१४ च्या नियमांनी खेळत असाल, तर आग कोपऱ्याला वळसा घालून जाते. ते आधीच वाचून दाखवा. मग वाचलंत तर तुम्ही मुद्दाम केलंत.

सर्वांत जास्त समजूत घालावी लागते ती पाच फुटांच्या चौकोनाची. लढाईत एका चौकोनात एकच माणूस आणि शत्रूच्या चौकोनातून पलीकडे जाता येत नाही, हे मुंबईकराला पटतच नाही. पाच बाय पाच म्हणजे २५ चौरस फूट, सव्वादोन चौरस मीटरला थोडं जास्त. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरात १४ ते १६ उभे प्रवासी असतात असं रेल्वेच धरते. म्हणजे त्या एका चौकोनात आपण तीस-पस्तीस जण नेतो, डबे आणि छत्र्यांसकट. अशा माणसाला 'समोर गॉब्लिन आहे, जाता येणार नाही' म्हणून सांगायचं! 'थोडं सरकायला सांग ना त्याला,' हे पहिलं उत्तर. 'चौथी सीट आहे का?' हे दुसरं.

लढाईचा खरा शत्रू घड्याळ. एकेक जण तीन मिनिटं घेतो, चौघे आणि राक्षस मिळून पंधरा. म्हणजे तासाला चार फेऱ्या, आणि बरी म्हणावी अशी लढाई तीन-चार फेऱ्या चालतेच. उपाय स्वस्त आहे. कपड्यांच्या चिमट्यांवर नावं लिहायची, डीएमच्या पॅडच्या कडेला क्रमाने लावायची, आणि एकाची चाल चालू असतानाच पुढच्याला सांगायचं. 'पुढील स्टेशन बोरिवली' म्हटल्यावर बोरिवलीकराने दारापाशी यायला हवं, म्हणजे काय करणार ते ठरवून फासा हातात घ्यायला हवा. आपली पाळी आल्यावर जो 'काय काय झालं मधे?' विचारतो, त्याची पाळी गेली. गाडी थांबत नाही. राक्षसाचे हिट पॉइंट वजा करत बसू नका, त्याला बसलेला मार शून्यापासून बेरीज करत जा. चार वाजता कुणालाच ५७ मधून १९ पटकन वजा करता येत नाहीत.

आणि ड्रॅगन कधी एकटा सोडू नये. त्याची एक चाल होईपर्यंत खेळाडूंच्या चार होतात. डब्यात पाकीटमार सापडल्यावर जे होतं तेच त्याचं होतं. मोठ्या ड्रॅगनना इतरांच्या चालींनंतर करायच्या तीन जादा चाली दिलेल्या असतात त्या याचसाठी. डीएम त्या विसरतो. मीही विसरतो. चौथ्या चिमट्यावर 'ड्रॅगन!!' लिहून ठेवल्यापासून कमी विसरतो.

आता भाषेचं. इंग्रजी पुस्तकातला 'यू' सगळ्यांना झाकतो. मराठीत तोंड उघडलं की निवाडा द्यावा लागतो. राजाला 'महाराज' म्हणता येतं, पण ड्रॅगन 'तू' की 'तुम्ही'? वय हजार वर्षं, म्हणजे 'तुम्ही'. तो आपल्याला खाणार आहे, म्हणजे 'तू'. मग कुणीतरी 'अहो ड्रॅगन' म्हणतो आणि भीतीचे बारा वाजतात. उलट बाजूने डीएमने साध्या पहारेकऱ्याच्या बाबतीत एकदा जरी चुकून 'ते उभे आहेत' म्हटलं, की चौघेही कान टवकारतात: हा वेश पालटून आलेला राजपुत्र! मग तासभर त्या गरीब माणसाच्या अंगठ्या तपासल्या जातात.

खून घडवायचा असेल तर लिंगाची अडचण. 'कुणीतरी आत आला' म्हटलं की अर्धे संशयित सुटले. 'ती व्यक्ती' म्हटलं तर व्याकरणाची 'ती' खेळाडू खरी बाई समजून शोधत बसतात. सुटका सकर्मक भूतकाळात आहे: कुणीतरी दिवा विझवला, कुणीतरी कडी लावली. क्रियापद दिव्याच्या आणि कडीच्या लिंगाने चालतं, करणारा अंधारात राहतो. थोडक्यात, मराठीत खुन्याने येऊ-जाऊ नये, नुसत्या वस्तू हलवाव्यात.

तयारी किती करावी? लिहाल त्याच्या निम्मी. निम्मी कुठली ते खेळाडू ठरवतात. एक भानगड, तीन जागा आणि दहा नावांची यादी एवढं चार तासांना पुरतं. जे कळल्याशिवाय गोष्ट पुढे सरकणारच नाही, त्याचे तीन वेगवेगळे पुरावे ठेवावेत: एक त्यांना दिसत नाही, दुसरा ते चहावाल्याला भेट देतात, तिसऱ्यावर निभावतं. नावांची यादी मात्र चुकवू नका. खेळाडू हमखास दुकानदाराचं नाव विचारतात, यादी नसली की डीएमच्या तोंडून 'तात्या' निघतं, आणि नाव मिळालेल्या माणसाकडे गुपित असणारच अशी खेळाडूंची श्रद्धा असते. तुमचा शापित राजवाडा तिकडे ओस, इकडे तात्याच्या दुकानात मुक्काम. तलवार १५ सोन्याच्या नाण्यांना, ती मुकाट घेतात. मशालीला तांब्याचं एक नाणं पडतं. अशी १०० म्हणजे एक सोन्याचं. गुहेतून २०० सोन्याची नाणी घेऊन आलेली माणसं तिथे उभी राहून विचारतात, 'दहा घेतल्या तर अकरावी कशी लावाल, तात्या?'

साडेतीनच्या चहाला ज्यांचं घर आहे त्या काकू बाहेर येतात. कॅरमवर ताट, पाटावर परात, दिवाणावर चिमटे, आणि पाच घोडे 'तो मेला का?' म्हणून ओरडतायत. 'अरे, जिंकलं कोण मग?' यात कुणी जिंकत नाही, हरतही नाही, हे काकूंना वर्षभर समजावून झालं. 'मग सकाळपासून करताय काय?' याला आजवर तरी चौघांपैकी कुणाकडे उत्तर नाही. पाचव्याच्या तोंडात बिस्कीट असतं.

चार वाजले, गाड्या सुरू झाल्या, लढाई अर्धी. घाईत पटाचा फोटो काढा, वरून, सरळ. तिरक्या फोटोत चौकोन मोजता येत नाहीत. मग प्लास्टिक पुसा, गुंडाळा, घडी घालू नका, घडीवर पुन्हा मार्कर नीट चालत नाही. शेवटी सोंगट्या मोजून डब्यात: नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि राणी, म्हणजे आपला ड्रॅगन. आज अठराच भरल्यात. बोरिवलीकर म्हणतो त्याने शेवटी तिला दिवाणाखाली उडत जाताना पाहिलं. वाशीवाली म्हणते डोंबिवलीवाल्याच्या खिशात बघा. काकूंच्या हातात झाडू आहे, आणि ती सापडेपर्यंत कुणी चप्पल घालायची नाही, असं त्यांनी सांगितलंय.