नंबर बदलला म्हणून टोल माफ होत नाही, मामा

परवा रात्री साडेअकराला मामाचा फोन आला. मागून ट्रेलरचे हॉर्न आणि कुणाच्या तरी आईबहिणीचा उद्धार. "तू शिकलेली आहेस ना, तूच सांग या पोराला." पोरगा म्हणजे एका टोल नाक्यावरचा लेनवाला. त्याला मी काय सांगायचं होतं? रस्त्याचा नंबर बदललाय, म्हणून टोल बेकायदेशीर आहे.

मामाचे दोन ट्रेलर उरणजवळच्या जेएनपीटी बंदराचे कंटेनर ओढतात. त्यामुळे हा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड त्याला तीन-तीन ग्रुपांवर येणार हे ओघानंच आलं. पण या बाबानं त्याची प्रिंट काढून, लॅमिनेट करून ती केबिनमध्ये काचेला चिकटवली होती! मजकूर थोडक्यात असा: पनवेलजवळच्या पळस्प्यापासून जेएनपीटीपर्यंतचा रस्ता आधी राष्ट्रीय महामार्ग ४बी होता, आता ३४८ झाला, म्हणजे ४बीच्या नावानं काढलेली टोलची अधिसूचना आपोआप रद्द. ४बी मधला 'बी' म्हणजे दुय्यम दर्जाचा रस्ता. ३४८ मधला ३ म्हणजे एकाच रस्त्यावर तिसऱ्यांदा वसुली. साठ किलोमीटरपेक्षा लहान रस्त्यावर टोल लावताच येत नाही. बारा तासांत परतलात तर येताना फुकट. आणि तीन हजारांचा पास सगळीकडे चालतो.

आधी नंबराचं बघू, कारण खरी मती तिथंच गुंग झालीय. मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारनं देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर नव्यानं लावले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. दिल्ली-मुंबईचा जुना ८ आणि मुंबई-पुणे-बेंगळुरू-चेन्नईचा जुना ४ एका माळेत ओवून ४८ केला. गोव्याकडे जाणारा १७ झाला ६६. मुख्य रस्त्याला फुटणाऱ्या फाट्यांना तीन आकडे दिले: शेवटचे दोन आईचे, म्हणजे मुख्य रस्त्याचे, पहिला फाट्याचा क्रम. म्हणजे ३४८ हा ४८ चा तिसरा फाटा, बस्स. फॉरवर्डच्या हिशोबानं बेळगाव-पणजीच्या ७४८ वर सात वेळा वसुली व्हायला हवी.

तो ७४८ म्हणजे जुना ४ए. जुन्या पद्धतीत फाट्याला अक्षर जोडायचे. बेळगाव-पणजी ४ए, आपला सत्तावीस किलोमीटरचा पळस्पे-जेएनपीटी ४बी. गोव्यात कुठ्ठाळीहून मुरगाव बंदराकडे जाणारा १७ए होता, तो तर याहूनही आखूड. 'बी' म्हणजे दुय्यम, तर 'ए' म्हणजे उत्तम असणार. ज्यानं पावसाळ्यात ४ए नं अनमोड घाट चढलाय, त्याला विचारा.

आता नंबर बदलला की टोल रद्द होतो का? घराला नवा नंबर पडला म्हणून घरपट्टी माफ होते का? टोल लागतो तो रस्त्याच्या ठरावीक तुकड्याला, कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत ते ठरवून. पाटीवरच्या आकड्याला नाही. २०१० नंतर जुन्या ४ आणि ८ वर टोल सुरूच राहिला, हे रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला मी सांगायचं?

एक मात्र कबूल. घोळ व्हायला जागा आहे. नंबर बदलून पंधरा वर्षं झाली तरी पनवेलकडं कुणी ३४८ म्हणत नाही, आणि नवा ४८ सांगितला तर रिक्षावाला विचारतो, म्हणजे जुना पुणे हायवे ना?

साठ किलोमीटरचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त त्रासदायक. २००८ चे राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम काढून नियम ८ वाचा. एकाच भागावर, एकाच दिशेनं दोन नाक्यांत साठ किलोमीटरचं अंतर हवं, असं तिथं आहे. रस्ता किमान साठ किलोमीटरचा हवा, असं कुठंही नाही. वर पळवाट तिथंच दिलेली आहे: लेखी कारण नोंदवलं तर जवळ दुसरा नाका चालतो, आणि कायमचा पूल, बायपास किंवा बोगदा असेल तरीही. मार्च २०२२ मध्ये गडकरींनी लोकसभेत सांगितलं होतं की साठ किलोमीटरमधले जादा नाके तीन महिन्यांत बंद करू. ते वाक्य लोकांच्या लक्षात राहिलं. पळवाटेबद्दल राग असेल तर मी तुमच्याबरोबर आहे. पण तो राग लेनमधल्या पोरावर काढून काय मिळणार?

लहान रस्त्याला टोल कमी बसतो, कारण याच नियमांत दर किलोमीटरला आहे. २००७-०८ च्या पायाभूत दरात मोटारीला ६५ पैसे, चार ते सहा अ‍ॅक्सलच्या गाडीला ३ रुपये ४५ पैसे. त्या दरानं सत्तावीस किलोमीटरचे ९३ रुपये होतात, आणि त्यावर दर एप्रिलला वाढ. लांबी कमी म्हणून माफी, असं कलम नाही.

बारा तासांचं तर साफ खोटं. नियम ९ मध्ये चोवीस तास आहेत, आणि फुकट नाही, जाऊन-येऊन मिळून दीडपट. २०२० पासून तीही सवलत फास्टॅगवाल्यांनाच.

तीन हजारांचा पास १५ ऑगस्ट २०२५ पासून आला, दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष. तो खासगी मोटार, जीप, व्हॅनसाठी. ट्रेलरला नाही. आणि फक्त राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय एक्सप्रेसवेवर. चिर्ल्याला उतरणाऱ्या अटल सेतूवर तो चालत नाही, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरही नाही.

त्या रात्रीचं सांगायचं तर मामा बोलायला सुरुवात करण्याआधीच फास्टॅग वाचला गेला होता, पैसे कटले होते. चाळीस मिनिटं भांडून त्यानं वाचवलं शून्य. बंदरावर पोचला तेव्हा पुढं रांग लागली होती, कंटेनर आत जायला पहाट झाली, आणि ड्रायव्हरच्या जेवणाचा डबा आंबला तो वेगळाच.

काल म्हटलं, मामा, तो कागद तरी काढ काचेवरून. म्हणाला, "राहू दे गं. दुपारचं ऊन अडतं त्यानं."